डावं पुढचं चाक

मिरज रस्त्यावरच्या आपल्या दुकानात इकबाल मुजावरांनी चौथं चाक बसवलं, फडक्याला हात पुसले आणि गाडीचं दार उघडून आतल्या बाजूला चिकटवलेलं जुनं लेबल दाखवलं.

"मॅडम, हा तेहेतीसचा आकडा आता विसरायचा. तो जुन्या चाकांचा होता."

"मग नव्यांत किती ठेवायची हवा?" शलाका मगदूमने विचारलं.

"तुम्ही काहीच ठेवायची नाही. चाक स्वतः ठेवतं."

हे उत्तर शलाकाला आवडलं नाही. ती बेदाण्याच्या शीतगृहात व्यवस्थापक होती. तिथल्या प्रत्येक खोलीचं तापमान ती स्वतः आत जाऊन बघायची, कारण यंत्रावर भरवसा ठेवून बसलेल्या एका शेजाऱ्याचा अख्खा माल एका उन्हाळ्यात काळा पडलेला तिने पाहिला होता. पण तासगाव रस्त्याच्या खड्ड्यांनी जुन्या चाकांच्या रिमा वाकल्या होत्या आणि बाजारात आता बहुतेक ही भारवेधी चाकंच मिळत होती. शिवाय ती दिसायला झकास होती. मोठी, चकचकीत, पातळ कडांची.

"आठपंधरा दिवस त्याला शिकू द्या," मुजावर म्हणाले. "गाडी किती जड, कोण कुठे बसतं, रस्ता कसा आहे, सगळं समजून घेतं ते. मग आपला आपण आकडा धरतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत तिने हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा सुकुमारची कळी खुलली. तो मिरजेच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा. गाडी चालवणं त्याला कधी मानवलं नाही. सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेपर्यंत चालवायची तिने आणि बोलायचं त्याने, अशी त्यांची वाटणी वर्षानुवर्षं चालत आली होती. मुलगा पारस जर्मनीला गेल्यापासून तर दिवसातलं खरं बोलणं तेवढ्याच वेळात व्हायचं.

"वजन टायर पेलत नाही, शलाका. आतली हवा पेलते," तो म्हणाला आणि त्याने समोरच्या फळीवर तळहात टेकवला. "एक टायर रस्त्याला टेकतो तो एवढाच. आपली अख्खी गाडी चार तळहातांवर चालते. हवा कमी पडली की तळहात पसरतो, रबर सारखं मुडपतं, तापतं, आणि एक दिवस फुटतं. हवा जास्त झाली की तळहात आक्रसतो. मग रस्ता घट्ट धरला जात नाही, आणि ब्रेक मारला तरी गाडी पुढे सरकते."

"आणि नवीन चाकाला जास्त हवा का लागते?"

"कारण ते पातळ आहे. आत हवेला जागा कमी. तेवढ्याच वजनाला कमी हवा, म्हणजे ती जास्त दाबून भरायला हवी. आता गंमत बघ. या रबरात केसाहून बारीक तारांची जाळी विणलेली आहे. रबर दबलं की जाळीत किंचित वीज तयार होते. त्यावरून प्रत्येक फेऱ्यात चाकाला कळतं, आपला तळहात किती पसरलाय. रिमच्या आत छोटासा पंप आहे. पसरला तर हवा भरतो, आक्रसला तर सोडतो."

"म्हणजे चाकाला आपलं वजन कळतं."

"किलोकिलोने," सुकुमार म्हणाला, आणि का कुणास ठाऊक, नंतर मिरज येईपर्यंत गप्प बसला.

ही चाकं आल्यापासून राज्यात काय काय झालं होतं ते शलाकाही वर्तमानपत्रात वाचत होती. उसाच्या गाड्यांचं वजन आता काट्यावर करावं लागत नसे. वाळूच्या ट्रकांतला चोरटा जादा माल त्यांचीच चाकं कळवू लागली होती. इथपर्यंत सगळे खूश होते. पण मग कुठे कुणाच्या बायकोने गाडीतल्या पडद्यावरचे आकडे बघून विचारलं, की दुपारी डाव्या सीटवर कोण बसलं होतं? शीतगृहातल्या हिशेबनीस बाईंना आपली कॉलेजातली मुलगी जेवत नाही हे गाडीने सांगितलं, तेव्हा ती पोर हाडांचा सापळा व्हायच्या बेताला आली होती. मुलगी वाचली. पण त्या गाडीत ती पुन्हा कधी बसली नाही. काही लोक मुजावरांकडे येऊन पडद्यावरचे आकडे झाकून मागत. कंपनी म्हणे, आकडे झाकता येतील, पण चाकाचं मोजणं थांबणार नाही. ते सुरक्षिततेसाठी आहे.

शलाकाने आकडे झाकले नव्हते. तिला चार चाकांचे चार आकडे समोर दिसलेले बरे वाटत.

संक्रांतीनंतर ते स्थिरावले. होळी आली तशी तिच्या लक्षात आलं, की डाव्या पुढच्या चाकाचा आकडा उतरतोय. अगदी थोडा. पण दर आठवड्याला थोडा. तिने ओळखलं, हवा गळतेय. ती तडक दुकानात गेली.

मुजावरांनी चाक काढून पाण्याच्या हौदात बुडवलं, फिरवून फिरवून बघितलं. एकही बुडबुडा आला नाही.

"गळत नाही मॅडम. चाक मुद्दाम सोडतंय. वजन कमी झालं की ते हवा कमी करतं. या बाजूला कोण बसतं?"

"आमचे मिस्टर."

"बारीक झालेत का?"

शलाका हसली. "त्यांना कुठलं आलंय बारीक होणं!"

संध्याकाळी तिने सुकुमारकडे नीट बघितलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल होती. रोज बघणाऱ्या माणसाला जे दिसत नाही, ते तिला चाकाने सांगितल्यावर दिसलं.

"चाकाने तुमची चहाडी केली आज," ताटं घेताना ती म्हणाली. "वजन उतरलंय म्हणे तुमचं."

सुकुमारचा हात भाकरीवर क्षणभर थांबला. मग तोही हसला. "साखर सोडलीय दिवाळीपासून. मधल्या सुट्टीत मैदानावर चार फेऱ्याही मारतो. म्हटलं, तुला आपोआप दिसेल."

तिला खरंच आनंद झाला. तिने तो शेजारी सांगितला, फोनवर पारसलाही सांगितला.

पुढच्या आठवड्यात आकडा पुन्हा वर आला आणि तिथेच राहिला. "काय हो, साखर सुरू झाली वाटतं?" तिने चिडवलं. "कँटीनच्या भज्यांना विचार," तो म्हणाला. त्याची कॉलर अजून सैल होती. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलेलं तिने बघितलं होतं. शर्ट एक सांगत होता, आकडा दुसरं. शलाकाने आकड्यावर विश्वास ठेवला.

मे महिन्यात, अकरावीच्या फेरपरीक्षेचे पेपर तपासायचं काम चालू असताना, तिने त्याला नेहमीप्रमाणे कॉलेजच्या दाराशी सोडलं. ती वळून रस्त्याला लागली तोच गाडी टुणटुण वाजू लागली. पडद्यावर अक्षरं आली. डाव्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही.

डावी सीट रिकामी होती.

तिने गाडी तशीच थोडी पुढे नेली. टुणटुण थांबेना. शेवटी चाकांना आणि मुजावरांना शिव्या घालत तिने गाडी कडेला घेतली, आणि तेव्हा तिला सीटच्या पायथ्याशी सुकुमारची कातडी बॅग दिसली. विसरला होता. सीटवर ठेवावी म्हणून तिने बंद धरून ओढली, तर बॅग जागची हलली नाही. तिने स्वतःचा पट्टा सोडला, दोन्ही हात लावले, तरी ती कशीबशी गुडघ्यापर्यंत आली.

तिने चेन उघडली. वर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. खाली जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या, व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्या होत्या. पारसच्या. कॉलेजात असताना त्याने हौसेने आणलेल्या आणि जाताना पलंगाखाली सारून ठेवलेल्या. एकीवर त्याने पांढऱ्या रंगाने स्वतःचं नाव घातलेलं होतं.

चाक बिघडलेलं नव्हतं. मार्चमध्येही ते बिघडलेलं नव्हतं.

तिने गाडी वळवली. सुकुमार कॉलेजच्या दाराशीच उभा होता, पहारेकऱ्याच्या केबिनच्या सावलीत. बॅग विसरल्याचं त्याच्या ध्यानात आलं होतं. गाडी परत येताना दिसली तशी त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला. मग काही न बोलता येऊन डाव्या सीटवर बसला.

"रोज हे घेऊन जिने चढता?" तिच्या तोंडून आधी हेच निघालं.

"नाही. या केबिनमध्ये ठेवतो. संध्याकाळी उचलतो."

"काय झालंय?"

"स्वादुपिंडाचा आहे. डिसेंबरमध्ये कळलं." जणू वर्गात एखादी व्याख्या सांगावी तसं त्याने सांगितलं. "पाठ दुखते म्हणून गेलो होतो ना, तेव्हा."

"डिसेंबर!" शलाका म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले तेव्हा?"

"ऑपरेशन करता येईल म्हणाले. नंतर केमो. वाचण्याची शक्यता थोडी, पण आहे."

"आणि आता?"

"आता ऑपरेशन होणार नाही. पसरलाय."

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. शलाकाने स्टिअरिंग धरून ठेवलं होतं, जणू गाडी चालू होती.

"मला निवडायलाच दिलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

"तू ऑपरेशन निवडलं असतंस."

"हो! निवडलं असतं!"

"म्हणूनच." त्याने बॅगेची उघडी चेन लावली. "अण्णांचं बघितलंय मी. स्वतःच्या बापाचं. दोन वर्षं. घरात पाऊल टाकलं की सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे. माणूस नाही, आजारच बसलाय खाटेवर. मला वाटलं, निदान सकाळचा आपला अर्धा तास तरी तसा नको. गाडीत तू मला खड्डे दाखवतेस, हिशेबनीस बाईंच्या गोष्टी सांगतेस, माझ्या बोलण्याला जांभई देतेस. तेवढं राहू दे म्हटलं. मग तू ही चाकं बसवून आणलीस."

"आणि मी खूश होऊन सगळ्यांना सांगत सुटले. बारीक झाले म्हणून."

"शलाका, एक कर. पारसला कळवू नकोस. त्याचं काम डिसेंबरात पुरं होतंय. आत्ता आला तर सगळं सोडून यावं लागेल त्याला. आणि तो आला की मला उपचाराला बसवेल. मला ते नको आहे. जेवढे दिवस आहेत तेवढे असेच दे मला."

तिने त्याच्याकडे बघितलं. आता चाकाने सांगायची गरज नव्हती. मनगटाची हाडं वर आली होती. हे मनगट रोज आपल्या शेजारी होतं आणि आपण पडद्याकडे बघत होतो, हे तिला सहन होईना. याच्या म्हणण्याप्रमाणे वागलो तर आपण आणखी एकदा न बघितल्यासारखं करू, असं तिला वाटलं. तिने फोन उचलला आणि त्याच्या देखत मुलाला लावला.

"शलाका," सुकुमार म्हणाला. "नको."

पारसने फोन घेतला. ती बोलली.

दुसऱ्या दिवशी सुकुमार गाडीत मागे बसला. शलाकाने पुढचं दार उघडून धरलं होतं. त्याने ते हळूच लावलं आणि मागचं उघडलं. तो रागावला नाही, ओरडला नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देई. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी आपणहून बोलला नाही.

पारस आला. पोरगा धावपळीचा आणि हट्टी. त्याने दोन मोठ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले, एकाने थोडी आशा दाखवली आणि त्याने ती घट्ट धरली. केमो सुरू झाली. सुकुमारने विरोध केला नाही. हात पुढे करून तो पडून राही, आणि दर खेपेला हॉस्पिटलातून थोडा कमी होऊन घरी येई. तोंड आलं, पाणी गिळवेना. ज्या दिवसांसाठी त्याने चकत्या वाहिल्या, ते दिवस असे सलाईनखाली गेले. शलाका हे बघत होती. आपण फोन केला नसता तर तो आज वऱ्हांड्यात पेपर वाचत बसला असता का, हे तिने कुणाला विचारलं नाही. विचारायला एकच माणूस होता.

जुलैत त्याच्या पोटातलं दुखणं एवढं वाढलं, की गाडी खड्ड्यातून गेली तरी तो ओठ चावून डोळे मिटून घेई. शलाका मुजावरांकडे गेली.

"पेशंट आहे," ती म्हणाली. "हादरा सोसत नाही. किती हवा ठेवू?"

मुजावरांनी चाकाच्या पातळ कडेवर अंगठा दाबून बघितला. "खरं सांगू? ती जुनी चाकं बरी होती मॅडम. जाड कडांची. हादरा रबरातच जिरायचा. ह्यांच्यात उशीच नाही." मग तिचा चेहरा बघून घाईने म्हणाले, "थांबा. काहीतरी करू."

त्यांनी चाकांचं आपोआप ठरवणं बंद केलं आणि हवा उतरवत नेली. थोडी सोडत, हाताने टायर दाबत, पुन्हा सोडत. एका जागी थांबले. "ह्याच्या खाली नको. खड्ड्यात रिम आपटेल. आणि वेगात चालवायची नाही. चाळीसच्या आत. वेग घेतला तर रबर तापेल आणि फुटेल. वजन फार नाही ना गाडीत?"

"नाही," शलाका म्हणाली. "वजन फार नाही."

त्यानंतर गाडी सुरू केली, की दर वेळी पडद्यावर लाल अक्षरं येत. हवेचा दाब योग्य नाही. जबाबदारी चालकाची. पुढे जायचं? ती बटण दाबायची आणि निघायची. मागून हॉर्न वाजत, मोटरसायकलवाले आत डोकावून बघत, ती चाळीसच्या आतच राही.

ऑगस्टच्या अखेरीस डॉक्टरांनी पारसला बाजूला घेतलं आणि घरी घेऊन जायला सांगितलं. पारसने बापाला खुर्चीवरून गाडीपर्यंत आणलं आणि मागचं दार उघडलं. सीटवर त्याने उशा रचल्या होत्या.

"पुढे," सुकुमार म्हणाला.

"बाबा, मागे आडवं होता येईल तुम्हाला."

"पुढे."

शलाकाने पुढची सीट जेवढी मागे जाईल तेवढी नेली आणि पाठ उतरवली. पारसने त्याला एका हातावर उचललं आणि अलगद ठेवलं. पट्टा शलाकाने लावला. पट्ट्याखाली तिने आपली ओढणी घडी करून घातली, काचू नये म्हणून. सुकुमारने तिच्या हाताकडे बघितलं.

"पडदा काय म्हणतोय?" त्याने विचारलं. आवाज फार बारीक होता. इतक्या दिवसांत तिच्याशी आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य.

"नेहमीचंच. हवेचा दाब चुकलाय म्हणतोय."

"चुकू दे," तो म्हणाला. "छान लागतंय. बोटीत बसल्यासारखं."

शलाकाने बटण दाबलं.

मागच्या सीटवर पारस फोनवर होता. घरी लागणारा पलंग, ऑक्सिजन, नर्स, एकापाठोपाठ एक. गाडी मिरजेच्या गर्दीतून सावकाश सरकत होती. शलाका बोलू लागली. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यांचं सांगितलं. हिशेबनीस बाईंच्या मुलीला नोकरी लागल्याचं सांगितलं. पुढे खड्डा आला की सांगितलं, खड्डा आहे हं. सुरुवातीला सुकुमार हुंकार देत होता. मग ऐकत होता. ती बोलत राहिली.

उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबली तेव्हा त्याचा हात मांडीवरून घसरून सीटच्या कडेला लोंबत होता. तिने तो उचलला. हात ऊन होता. तिने त्याच्या छातीवरच्या ओढणीच्या घडीकडे बघितलं. ती हलत नव्हती. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजू लागले, तरी ती बघत राहिली.

पडद्यावर चार चाकांचे चार आकडे होते तसेच होते. वजन तेवढंच होतं.

तिने गाडी पुढे घेतली. चौकात घराकडे वळायचं होतं. ती सरळ गेली.

"आई, इकडून कुठे?" पारसने फोन बाजूला धरून विचारलं.

"तिकडे रस्ता खोदलाय. हादरे बसतील."

"बाबा झोपले?"

आरशात तिला त्याचा चेहरा दिसला. दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल, तरी समोर काहीतरी करण्यासारखं उरलंय म्हणून तरतरीत. अजून घरी पलंग यायचा होता. नर्सला पत्ता सांगायचा होता.

"हो," शलाका म्हणाली. "झोपू दे त्यांना."

पारसने मान हलवली आणि फोनवरचा आवाज खाली आणला. शलाकाने सुकुमारचा हात आपल्या हातात धरून ठेवला आणि गाडीचा वेग आणखी कमी केला.